कुठल्या पेपरच्या तुम्ही?

ठाण्यात कोर्ट नाक्याला, न्यायालयाच्या फाटकावर बायकांच्या पिशव्या तपासायला एक कॉन्स्टेबल बसते. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने विचारलं, "कुठल्या पेपरच्या तुम्ही?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही." तिने डबा उघडायला लावला. गवारीची भाजी आणि दोन पोळ्या. तिने पोळ्यांखालीही बघितलं. पुढच्या तारखेला पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी म्हटलं, "मुक्त पत्रकार." त्यावर ती जरा हळहळून म्हणाली, "म्हणजे नोकरी गेली का?" तिसऱ्या वेळी तिच्या शेजारी नवी मुलगी होती. ती विचारायला लागली तर हिनेच तिला थांबवलं, "जाऊ दे गं, त्या अशाच येतात."

माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला स्वतःलाही जमलेलं नाही.

राजकारण आणि कट्टर संघटना हे माझं बीट, म्हणजे बातम्यांचं क्षेत्र. आई शेजारीपाजारी सांगते, "ती कोर्टाचं लिहिते." त्यामुळे आमच्या कळव्यात दोघांनी आजवर मला सातबारा आणून दाखवलाय. एकाचं काम झालंही, पण त्यात माझा हात नव्हता.

सुरुवात झाली ती २००८ साली. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होते. पाणी आलं नाही, गटार तुंबलं, महापौरांच्या हस्ते उद्घाटन, या तीन प्रकारच्या बातम्या आणायच्या. ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या पार्किंगमध्ये बॉम्ब फुटला. सात जण जखमी झाले. मी धावत पोचले तेव्हा रंगायतनसमोर पोलिसांनी दोर बांधला होता आणि तलावपाळीवर, शंभर पावलांवर, भेळवाला कांदा चिरत होता. त्याच्याकडे रागाने बघितलेलं मला आठवतं. आता वाटतं, त्याने काय करायला हवं होतं?

आत प्रयोग होता 'आम्ही पाचपुते'चा. महाभारतातल्या पात्रांची थट्टा करणारं विनोदी नाटक. चारच दिवस आधी, ३१ मेला, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात स्फोटकं सापडली होती, ती निकामी केली गेली. फेब्रुवारीत पनवेलच्या एका सिनेमागृहात स्फोट झाला होता. पण रंगायतनसमोर उभ्या असलेल्या आम्हा पत्रकारांमध्ये हे तुकडे जोडणारा एकही नव्हता. कुणी लावला असेल याचं उत्तर मात्र जवळपास सगळ्यांकडे तयार होतं, त्या काळात ते जसं तयार असायचं तसं. मग जूनमध्येच एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, माणसं पकडली. एटीएसचे प्रमुख तेव्हा हेमंत करकरे होते. पकडलेली माणसं हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित निघाली. आमच्यातल्या कुणी आदल्या आठवड्याच्या आपल्या अंदाजाबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

स्फोटाच्या रात्री आई एवढंच म्हणाली होती, "नाटकाला कुणी बॉम्ब लावतं का गं? आवडलं नाही तर उठून जायचं." तिचं आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेलं, तिच्या लेखी नाटक पाडायचं तर ते रिकाम्या खुर्च्यांनी.

महिना उलटून जेमतेम तीन आठवडे झाले असतील, २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला होता, त्याचा माग निघाला सानपाड्यात. एका अमेरिकन भाडेकरूच्या घरातलं वायफाय कुणीतरी परस्पर वापरलं होतं. आम्ही सगळे इमारतीखाली. वॉचमनला एकेकाने गाठून "कोण आलं होतं, कोण आलं होतं" विचारतोय, आणि तो बिचारा उत्तर देतोय, "साहेब, वायफायला गेट लागत नाही." पुढच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली की सर्वांनी पासवर्ड टाकावा. पाण्याच्या नोटिशीवर चिकटवली होती.

ठाण्याहून सानपाडा ट्रान्स-हार्बर लोकलने अर्ध्या तासाचं अंतर. एका उन्हाळ्या-पावसाळ्यात या अर्ध्या तासाच्या दोन टोकांना मी दोन धर्मांच्या नावाने चाललेला एकच धंदा बघितला. तेव्हापासून ही दोन्ही प्रकरणं मी एकाच कपाटात ठेवते. दोन्हीकडचे वाचक त्यावर चिडतात. "त्यांच्यावर लिहा ना" असं मला दोन्ही बाजूंनी सांगितलं जातं, शब्द तेच, फक्त 'त्यांच्या'चा अर्थ बदलतो.

नोकरी सुटली ती मात्र बॉम्बमुळे नाही, वाढदिवसामुळे. ठाणे जिल्ह्यातली स्थानिक वृत्तपत्रं कशावर चालतात हे ज्यांना माहीत नाही त्यांनी कुठल्याही नेत्याच्या वाढदिवसाचा अंक काढून बघावा. चार पानी रंगीत पुरवणी, पहिल्या पानावर नेता, उरलेल्या पानांवर त्याला शुभेच्छा देणारे बिल्डर, केटरर, मंडळं, क्लासवाले. या जाहिराती आणायच्या आम्हीच. वार्ताहराला जाहिरातींचं टार्गेट आणि त्यावर कमिशन. पगार नावालाच, खरं घर कमिशनवर चालतं. एका वर्षी मी एका नगरसेवकाच्या माणसांनी एका वस्तीत घरं भाड्याने द्यायची ती कुणाला आणि कुणाला नाही याची यादी कशी फिरवली, त्याची बातमी आणली. नावं, तारीख, यादीचा फोटो. उपसंपादकाने ती वाचली, परत वाचली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाला, "चांगलीय. सोळा तारखेनंतर बघू." सोळाला त्याच नगरसेवकाचा वाढदिवस होता. पुरवणीत माझ्या नावावर सहा जाहिराती होत्या. त्यातल्या एका क्लासवाल्याला मी स्वतः फोन करून मजकूर लिहून दिला होता: 'तरुणांचे आशास्थान, सर्वधर्मीयांचा आधारवड.'

कमिशन घेतलं. ते परत करून बाणेदारपणे बाहेर पडले वगैरे काही नाही. त्या महिन्याचं वीजबिल त्यातून भरलं. राजीनामा त्यानंतर चार महिन्यांनी दिला, आणि ड्रॉवरमधली बातमी कधीच आली नाही.

मुक्त पत्रकारितेचं अर्थशास्त्र सांगायला फार वेळ लागत नाही. लेखाचे पैसे तीन महिन्यांनी येतात, दहा टक्के टीडीएस कापून. बाकी भाषांतरं करते, औषध कंपन्यांची पत्रकं, बँकांचे अर्ज. 'खालीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास' या वाक्याने माझी पत्रकारिता जगवली आहे.

पैशापेक्षा जड गेलं ते डेस्क, म्हणजे बातमी तपासणारी माणसं, नसणं. वर्तमानपत्रात असताना डेस्कला शिव्या घालायच्या ही रीतच. बाहेर पडल्यावर कळलं, रात्री साडेदहाला फोन करून "हे तुला कुणी सांगितलं?" असं विचारणारा खवट माणूस ही केवढी मोठी सोय असते. तो गेल्यावर माझी एक चूक झाली, आणि तिच्याबद्दल मी आजवर लिहिलेलं नाही.

२०१४ साली कल्याणची चार मुलं यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेली आणि तिथून 'इस्लामिक स्टेट'कडे. त्यातला एक पनवेलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा. तो नोव्हेंबरात परत आला आणि पकडला गेला. त्या सहा महिन्यांत मुंब्रा, कल्याण, पडघा या पट्ट्यातल्या कितीतरी पोरांना चौकशीला बोलावलं गेलं. मुंब्र्यातल्या एकाची बातमी माझ्याकडे पहिल्यांदा आली. दोन दिवस बसवून सोडून दिलेला, मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा. मी लिहिलं: 'तरुण ताब्यात'. नाव लिहिलं. इमारतीचं नावही लिहिलं, कारण त्याने बातमीला वजन येतं असं मला शिकवलं गेलं होतं. तो सुटल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती बातमी कुणाला नको होती, आणि मीही ती कुणाच्या गळ्यात मारायला गेले नाही.

दीड वर्षाने वेगळ्याच कामासाठी मुंब्र्याला गेले असताना त्याच्या दुकानाच्या जागी चहापत्तीचं दुकान दिसलं. पत्ता मला पाठच होता, मीच छापला होता. वर गेले. दार त्याच्या आईने उघडलं. मी नाव सांगितल्यावर ती आत गेली आणि एका प्लास्टिकच्या पिशवीतून कात्रण घेऊन आली. लॅमिनेट केलेलं होतं. म्हणाली, "लग्नाची बोलणी करायला येतात त्यांना आम्हीच आधी दाखवतो. नंतर कळण्यापेक्षा बरं." मी माफी मागितली. तिने ती घेतलीही नाही, नाकारलीही नाही. पाणी दिलं. मुलगा रात्रपाळीला गेला होता, तळोज्याच्या एमआयडीसीत कुठेतरी.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं आणि ते कात्रण, माझ्याकडची प्रत, तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावला आणि शाळेतल्या सवयीने लाल पेन शोधलं. 'ताब्यात' या शब्दाभोवती गोल केला. "कुणी घेतलं ताब्यात? कशासाठी? किती वेळ? अगं, या वाक्यात कर्ताच नाही."

तेव्हापासून माझं डेस्क म्हणजे आई. वय ७८, डोळ्याचं एक ऑपरेशन झालेलं, फाँट मोठा करून छापून द्यावं लागतं. तिला राजकारणातलं फारसं कळत नाही आणि संघटनांची नावं ती हमखास चुकवते. पण मराठी बातमीतून कर्ता कसा पळून जातो हे तिच्याइतकं कुणी पकडत नाही. 'दगडफेक झाली' असं लिहिलं की समासात शेरा: 'झाली म्हणजे? पाऊस झाला तशी?' 'वातावरण तापले' खाली: 'चुलीवर कोणी ठेवले?' 'तणावपूर्ण शांतता' तर तिने कायमची खोडून टाकली आहे. एकदा 'जमाव प्रक्षुब्ध झाला' वाचून म्हणाली, "जमावात अस्सल प्रक्षुब्ध माणसं होती की कुणी आणलेली?" मला उत्तर माहीत नव्हतं. शोधायला दोन महिने गेले. टेम्पो कुणी ठरवले होते ते टेम्पोवाल्यांच्या थकलेल्या भाड्यामुळे कळलं. एकाला पैसे मिळाले नव्हते, तो रागाने बोलला.

नौपाड्यात काम असलं की मी मराठी ग्रंथसंग्रहालयात डोकावते. १८९३ सालची संस्था. मे १९७० च्या भिवंडीच्या दंगलीवर न्यायमूर्ती मादोन आयोग बसला होता, त्याच्या अहवालाशी माझी ओळख तिशीनंतर झाली, ती आधी व्हायला हवी होती. दंगल उसळली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून, ७ मेला. पण मादोन थेट त्या दिवसावर येत नाहीत. ते आधीची वर्षं उलगडतात: मिरवणुकीचा मार्ग कुठला, घोषणा कुठल्या, गुलाल कुठे उधळला, बैठकीत कोण काय बोललं. एक न्यायाधीश इतक्या चिकाटीने गुलालाचा माग काढतो हे वाचून मी थक्क झाले. आज कुठल्या मैदानावर काय घोषणा झाल्या हे टिपायला गेलं की "त्यात काय बातमी, नेहमीच्याच घोषणा" असं ऐकावं लागतं. नेहमीच्या आहेत, म्हणून तर टिपायच्या.

तर अशाच एका मोर्चाला दोन वर्षांपूर्वी गेले होते. शहर सांगत नाही, ठाणे खाडीच्या अलीकडचं की पलीकडचं तेही नाही. एप्रिलमधलं ऊन. मंचाच्या कडेला उभी राहून मोबाईलवर रेकॉर्ड करत होते, तर एक स्वयंसेवक पाण्याची बाटली घेऊन आला. "ताई, पाणी घ्या. सावलीत तरी या." ओळखीचा आवाज. आईकडे दहावीच्या व्याकरणाला यायचा तो मुलगा, आता भगवा फेटा बांधून. "बाई कशा आहेत? डोळ्याचं झालं ना नीट?" मी म्हटलं, झालं. "त्यांना सांगा, मला अजून प्रयोग ओळखता येतात. कर्तरी, कर्मणी, भावे." हसला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून मंचावर गेला. त्याने माईक घेतला. कुणाच्या दुकानातून काय घ्यायचं नाही, कुणाला घर द्यायचं नाही, आणि ऐकलं नाही तर काय करायचं, हे त्याने एका दमात सांगितलं. सगळी वाक्यं कर्तरी होती.

त्याचं भाषण मी नावासकट लिहिलं. आईने लाल पेनाने एकही शेरा मारला नाही, फक्त कागद बराच वेळ हातात धरून बसली.

लेख आला त्या रात्री माझा नंबर कुठल्यातरी ग्रुपवर पडला. पहाटेपर्यंत दोनशेच्या वर फोन. शिव्यांची सवय होते. मला त्रास झाला तो एका माणसाचा, जो काही न बोलता फक्त आमच्या इमारतीचं नाव उच्चारून फोन ठेवायचा. इमारतीचं नाव! मला मुंब्र्यातली ती लॅमिनेट केलेली पट्टी आठवली. सकाळी सहाला एक फोन त्या मुलाचा आला. "ताई, नंबर मी नाही टाकला. बाईंची शपथ. पण दोन दिवस फोन बंद ठेवा, आणि बाईंना मावशीकडे नेऊन सोडा." मी विचारलं, "टाकला कुणी?" तो म्हणाला, "टाकला गेला."

पोलीस ठाण्यात गेले. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने नोंद करायला रजिस्टर ओढलं आणि अर्थातच विचारलं, "कुठल्या पेपरच्या?" पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ साली वेगळा कायदा केला; हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण त्यातला पत्रकार हा कुठल्यातरी माध्यमसंस्थेला नोकरीने किंवा कंत्राटाने बांधलेला असावा लागतो. मी अधिकाऱ्याला मानधनाचे दोन जुने ईमेल दाखवले. तो चांगला माणूस होता, चहा मागवला त्याने. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली. "मॅडम, कुणीतरी मोठं मागे असलं की आम्हालाही बरं पडतं," म्हणाला, आणि यात उपरोध अजिबात नव्हता.

पवईत जे. डे यांना २०११ साली भर दुपारी गोळ्या घातल्या, ते एका मोठ्या वर्तमानपत्रात होते. राजापूरचे शशिकांत वारिसे छोट्या पेपरचे. २०२३ च्या फेब्रुवारीत, ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्याच गाडीने त्यांना चिरडल्याचा गुन्हा दाखल आहे. तेव्हा मोठ्या-छोट्याचा हिशेब मला काही नीट लागत नाही. आईला मात्र मी मावशीकडे बदलापूरला नेऊन सोडलं. ती तिसऱ्या दिवशी परत आली. तिथे वाचायला काही नव्हतं म्हणे.

डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, पडघ्याजवळच्या बोरिवली गावात छापे घातले, त्या दिवशीच्या मोहिमेत पंधरा जणांना अटक झाली, गावाला 'अल शाम' नाव दिल्याचा आरोप सगळीकडे झळकला. मी तेव्हा गेले नाही. चार महिन्यांनी गेले. टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅन नव्हत्या, गावात लग्न होतं. एका ओटीवर बसून एक म्हातारे गृहस्थ आमच्याच कोकणी वळणाच्या मराठीत बोलत होते: पकडलेल्यांपैकी कुणाबद्दल त्यांना आधीपासून भीती वाटायची, आणि कुणाबद्दल अजूनही विश्वास बसत नाही. कॅमेरा असता तर ते दोन्ही बोलले नसते. नाव लिहू नकोस म्हणाले. लिहिलं नाही.

गडकरी रंगायतनच्या स्फोटाच्या खटल्याचा निकाल ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात लागला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा, चौघे सुटले. शिक्षा झालेल्या दोघांपैकी एकाचं नाव आठ वर्षांनी डॉ. दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणून आलं, आणि मे २०२४ च्या निकालात तो त्या खटल्यातून निर्दोष सुटला. ही तिन्ही वाक्यं एकत्र लिहायची, तिसरं गाळायचं नाही. आईच्या हाताखाली आल्यापासून मी एवढंच शिकले आहे. ते तिसरं वाक्य लिहिलं म्हणून मला जितक्या शिव्या पडल्या तितक्या पहिल्या दोनांसाठी पडल्या नव्हत्या, आणि या वेळी त्या 'आपल्या' माणसांकडून होत्या.

सध्या ठाण्याच्या कोर्टात एका जुन्या दगडफेकीच्या केसला जाते. दोन्ही बाजूंचे आरोपी, सगळे जामिनावर, एकाच बाकावर बसतात, जागाच तेवढी. पहिल्या तारखेला म्हणे कॅमेरे होते. आता बोर्डावर केस कितव्या नंबरला आहे ते बघायला मी, दोन ज्युनिअर वकील आणि एका आरोपीचे वडील. गेल्या वेळी साक्षीदार फितूर झाला. 'दगड कुणी मारले ते दिसले नाही' एवढं बोलून तो खाली उतरला आणि आरोपींना नमस्कार करून गेला. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, दीड ओळ. मी नकलेचा अर्ज टाकला, कोर्ट फीचं तिकीट लावलं.

बाहेर पडताना ते वडील जिन्यात थांबले होते. वाफेने चष्मा धुरकटलेला, हातात कटिंग. गेल्या सहा तारखांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मला वाटलं, आता विचारणार. त्यांनी विचारलं, "पुढची किती तारीख दिली हो? मला आत ऐकू आलं नाही."

डायरी काढून सांगितली. त्यांनी एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतली, मग तिकीट माझ्यापुढे धरलं, बरोबर लिहिलीय का बघा म्हणून.